रात्रपाळीतले डोळे आणि ड्रॉवरमधली बाटली

हिंजवडीत अमेरिकी ग्राहकांचे फोन घेण्याच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा पाळी सायंकाळी साडेसहाला सुरू होई आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसातला. शिवाय महिन्यातून दोन शनिवार सकाळी नऊला हजर राहावे लागे. झोपेची दैना होते हे नव्यांना सांगावे लागत नाही, डोळ्यांचे मात्र सांगावे लागते.

एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर फारच कमी मिटते. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर आणि झोप अपुरी, त्यामुळे पहाटे डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागे. शेजारच्या सिनियरने ड्रॉवरमधली बाटली पुढे केली. लाली उतरली आणि पुढचे चार महिने मी तेच थेंब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणत राहिलो. (सिनियरांकडून काम शिकावे, औषधे शिकू नयेत.)

मी फसलो तो लेबलपाशी. त्यावर आधी प्रतिजैविकाचे नाव होते, म्हणून मी ते साधे जंतुनाशक समजलो. त्यापुढचे ‘डेक्सामेथासोन’ हे नाव मी वाचलेच नाही, आणि ते स्टेरॉइड होते. म्हणून दुसरे नावही वाचावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसले, तर डॉक्टरांनी दिल्याशिवाय एक थेंबही घालू नये. त्यांनी दिले असतील, तर मनाने बंदही करू नयेत. अशा थेंबांनी काही जणांच्या डोळ्यांतला दाब काही आठवड्यांत वाढतो, आणि तो बहुधा दुखत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तेव्हा माझा दाब 29 निघाला; साधारण 21 पर्यंत ठीक मानतात. असा दाब राहिला तर डोळ्याची नस खराब होऊ शकते, तोच काचबिंदू; त्याने नस गेली की नजर परत येत नाही.

माझी नस शाबूत होती आणि उपचारांनी दोन महिन्यांत दाब 17 वर आला, तेव्हा असे थेंब घातलेल्यांनी धास्तावू नये. दाब मोजून घ्यावा, दोन-चार मिनिटांचे काम आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवणे मला पटत नाही. वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023च्या आढाव्यातही त्याने डोळ्यांचा ताण कमी झाल्याचे दिसले नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून कॅबमध्ये डुलकी मात्र कदापि घेऊ नये, बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

माझ्या टेबलावरच्या एसीची झडप शेवटी दोन मेल पाठवून फिरवून घेतली; निम्मे खुपणे त्यानेच थांबले.