ओजेटीची फाईल परत येते ती या चुकांमुळे

उन्हाळा लागला की माझ्या टेबलावर ओजेटीच्या (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेतलेलं प्रशिक्षण) फायली येतात आणि दरवर्षी चार-दोन मुलांना परत पाठवावं लागतं. लातूरच्या दाल मिलमध्ये हिशेब लिहिलेले असतात, वाळूज एमआयडीसीत पाळी केलेली असते. काम खरं असतं, कागद नसतो. अशा मुलाला ‘हे तास धरता येत नाहीत’ म्हणताना माझ्या जिवावर येतं.

सगळ्यात जास्त घोळ तासांचा. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात ओजेटी आहे, 4 क्रेडिटची (श्रेयांकांची). एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120. ‘महिनाभर गेलो सर’ याला अर्थ नाही. रोज चार तास बसलात तर कामाचे 30 दिवस लागतात, आठ तास बसलात तर 15. रविवार, सण, घरचं लग्न यात धरायचं नाही. दैनंदिनी रोज संध्याकाळी लिहा, भले दोनच ओळी, आणि दर आठवड्याला तिथल्या मार्गदर्शकाची सही घ्या. शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेली दैनंदिनी लगेच ओळखू येते.

आधी रुजू होऊन मग पत्र मागू नका. कॉलेजचं शिफारसपत्र, आस्थापनेचं (जिथे काम करणार त्या कंपनीचं किंवा दुकानाचं) संमतीपत्र, मग पहिला दिवस, हाच क्रम.

मामाच्या दुकानाचा नुसता शिक्का आणणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत सगळं उघडं पडतं. कामही तुमच्या मुख्य विषयाशी जुळलं पाहिजे.

विद्यावेतन देऊन तरुणांना काम शिकवणारी राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. ओजेटीत विद्यावेतन मिळणार का, किती, हे रुजू होण्याआधी संमतीपत्रातच लिहून घ्या.

मुलींनो, ‘आपण काय, शिकाऊच’ म्हणून काही सहन करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

फाईल आधीच अडली असेल तर खाडाखोड करू नका. आस्थापनेकडे परत जा, गेटच्या नोंदवहीतल्या तुमच्या तारखा सही-शिक्क्यानिशी उतरवून घ्या आणि तास कमी भरत असतील तर निकाल लागायच्या आत तेवढे दिवस पुन्हा जाण्याची परवानगी विभागप्रमुखांकडे लेखी मागा.