दारू सुटली, झोप मात्र उडाली: घरच्यांनी काय करायचं

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन आठवडा झाला तरी माणूस रात्री घामाघूम होऊन उठतो, दार आपटलं की दचकतो. घरचे म्हणतात, तल्लफ आहे. असेलही. पण त्याने कधी अपघात, मारहाण किंवा कुणाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिला असेल, तर पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, शंका घ्या.

फरक ओळखायला तारखा लागतात. दारू थांबल्यावर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि बहुतेकांची आठवडाभरात ओसरते. या दिवसांत फिट आली, भास झाले, माणूस बरळू लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा. त्यात जिवाला धोका असतो. झोप मात्र काही आठवडे बिघडलेली राहते, कारण दारूने दाबून ठेवलेली स्वप्नं उसळून येतात. तेव्हा शिक्का मारायची घाई नको. वहीत लिहून ठेवा: शेवटचं कधी प्यायला, किती वाजता उठला, स्वप्नात काय होतं. दर वेळी तोच प्रसंग दिसतो, तो रस्ता टाळतो, माणसांत मिसळत नाही आणि हे महिन्यापेक्षा जास्त चाललंय, तर वही डॉक्टरांपुढे ठेवा.

‘आधी दारू सोडू दे, मनाचं मग बघू’ हे सर्रास ऐकू येतं. त्यात बरेच जण घसरतात: आठवण छळते, ती दाबायला माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. दोन्हींचे उपचार बरोबरच चालवता येतात. मात्र ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर घडलेलं सांगायची जबरदस्ती कुणी करू नये. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांची सवय लागते आणि वर दारू पोटात गेली तर श्वास मंदावतो.

दचकण्याचा झटका आला तर मागून हात लावू नका. समोर, हातभर लांब बसा. हळू आवाजात नाव घ्या: “सुनील भाऊ, आपण पंचवटीत आहोत, आज मंगळवार.” तळवे जमिनीला टेकवायला सांगा, हातात थंड पाण्याचा तांब्या द्या. मग त्याला एकेक करून सांगायला लावा: दिसणाऱ्या ५ वस्तू, स्पर्श होणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास, १ चव. डोळे उघडेच ठेवायचे; मिटले की तोच प्रसंग पुन्हा उभा राहू शकतो. ‘शांत हो, काही झालं नाही’ म्हणू नका, त्याच्यासाठी ते आत्ताच घडत असतं.

नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) २४ तास मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी हेल्पलाइन १४४४६.

डिस्चार्जची तारीख विसर्जनाच्या तोंडावर आली, तर आधीच ठरवा: नाशिक ढोल दारातून जाताना तो मागच्या खोलीत बसेल की दोन दिवस पाहुण्यांकडे जाईल, आणि सोबत कोण असेल.