स्पेक्ट्रमच्या मागच्या पोर्टला काहीही जोडायच्या आधी हे वाचा

घरात सिंक्लेअरचा ४८के स्पेक्ट्रम हा जुना होम कॉम्प्युटर किंवा आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस निघाला असेल, आणि आता त्याला जॉयस्टिक इंटरफेस नाहीतर एसडी कार्डवालं डिव्हएमएमसी लावायचं मनात असेल, तर आधी मागचा पोर्ट समजून घ्या. मशीन चाळीस वर्षं टिकलंय, ते एका चुकीच्या धक्क्यात जाऊ नये एवढंच वाटतं.

हा पोर्ट म्हणजे मदरबोर्डचीच मागे आलेली कडा. वरून २८ आणि खालून २८ जागा, २.५४ मिमी अंतरावर, त्यातली ५ नंबरची जागा म्हणजे खाच. खाचेच्या ज्या बाजूला फक्त ४ पट्टे आहेत ती एक नंबरची बाजू. झेड८० या मुख्य प्रोसेसर चिपचे १६ अ‍ॅड्रेस, ८ डेटा आणि कंट्रोलच्या लाइनी इथे थेट येतात, मध्ये बफर चिप नाही, म्हणजे बाहेर काही शॉर्ट झालं की थेट आतल्या चिप्सना बसतं. आणि खालच्या बाजूला ३ नंबरवर ५ व्होल्ट, लगेच ४ वर ९ व्होल्ट, मग खाच, मग ६ आणि ७ वर ग्राउंड. आता कनेक्टर एका घराने सरकून बसला तर काय होईल बघा, मशीनचे ९ व्होल्ट इंटरफेसच्या ५ व्होल्टच्या लाइनवर, आणि त्यावरच्या ७४एलएस जातीच्या लॉजिक चिप्सची कमाल मर्यादाच ७ व्होल्ट. म्हणून खाचेत बसणारी किल्ली नसलेला कनेक्टर कुणी फुकट दिला तरी तसाच लावू नका.

दुसरं म्हणजे मशीन चालू असताना काही लावायचं नाही, काढायचंही नाही. स्पेक्ट्रमला ऑन-ऑफ बटणच नाहीये, प्लसच्या कडेला आहे ते रीसेट, ते दाबून करंट जात नाही. अ‍ॅडॉप्टरची पिनच उपसायची, थोडं थांबायचं, मग हात लावायचा. चालू मशीनमध्ये कनेक्टर तिरका झाला की आतला व्होल्टेज बनवणारा टीआर४ ट्रान्झिस्टर जाऊ शकतो, त्याबरोबर उणे ५ व्होल्ट जातात, आणि खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तिन्ही लागतात, उणे ५ नसताना १२ चालू राहिले तर त्या चिप्स जळतात.

अ‍ॅडॉप्टरचंही बघा. लागतो ९ व्होल्ट १.४ अँपिअर, आणि पिनच्या आतल्या बाजूला मायनस. इथे नाशिकच्या एमजी रोडला नुसतं "९ व्होल्टचा द्या" म्हटलं तर बहुतेक आत प्लसवालाच हातात येतो, आणि सीसीटीव्हीचा १२ व्होल्टवाला तर पिनच्या मापाने बरोब्बर बसतो पण तो चुकूनही लावू नका. मीटरची लाल सुई पिनच्या आत, काळी बाहेर, आकडा मायनसमध्ये आला तरच पुढे.

आता सफाई. नाशिकचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर घरात ओल, गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत तर विचारूच नका, पट्ट्यांवर काळपट थर येतो. पांढरं मऊ खोडरबर घ्या, आतून कडेकडे हलक्या हाताने ओढा, कीस झटका, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको, पट्ट्यांवरचा थर आधीच पातळ आहे. सुकल्यावर मीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे पट्टे तपासा, कुठे बीप यायला नको, फक्त खालचे ६ आणि ७ दोन्ही ग्राउंड असल्याने तिथे येणारच.

मग नुसतं मशीन, मागे काही न लावता, चालू करून व्होल्टेज बघा. पोर्टवर सुया टेकवू नका, घसरली की संपलं. झाकण उघडून एका ४११६ चिपवर बघा: १ नंबर पिन उणे ५, ८ नंबर १२, ९ नंबर ५, आणि १६ ग्राउंड. हे ठीक नसेल तर इंटरफेस विसरा, आधी पॉवरचं काम करा.

कनेक्टर नवा मिळत नसेल तर जुगाड आहे आणि चांगला आहे. जुन्या पेंटियम मदरबोर्डवरचे लांब काळे आयएसए स्लॉट, त्यांचं अंतरही २.५४ मिमीच. अंबड लिंक रोडच्या भंगारात किंवा ओळखीच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे असा बोर्ड विचारा. १६ बिटवाल्या स्लॉटमधला ६२ पिनांचा मोठा भाग, म्हणजे ३१ जोड्या, तेवढाच आपला. हॉट एअरने किंवा डिसोल्डर पंपाने काढा, २८ जोड्या ठेवून २९व्या जोडीवरून हॅक्सॉ ब्लेडने कापा (ती जोडी आधी पकडीने उपसून घ्या म्हणजे ब्लेड सरळ जातं), टोकाची भिंत आड येत असेल तर कानशीने घासून काढा. मग ५ नंबरच्या दोन्ही पिना उपसा आणि तिथे खाचेत सहज जाईल असा पातळ फायबरचा तुकडा एपॉक्सीने चिकटवा. हा तुकडा हलता कामा नये, सगळी सुरक्षितता त्याच्यावर आहे, म्हणून रात्रभर वाळू द्या. वाळल्यावर बंद मशीनला लावून बघा, किल्ली खाचेत सरळ गेली पाहिजे, जोर लावावा लागत असेल तर पुन्हा घासा.

इंटरफेस मागे लोंबकळत ठेवू नका. सिंक्लेअरच्याच आधीच्या झेडएक्स८१ कॉम्प्युटरचा मागे लावायचा १६के रॅम पॅक जरा हलला की मशीन हँग व्हायचं, तोच प्रकार इथेही होतो, खाली रबराचे पाय किंवा लाकडाची पट्टी देऊन उंची जुळवा.

पहिली टेस्ट केम्पस्टन (स्पेक्ट्रमवरचा एक प्रचलित जॉयस्टिक प्रकार) जॉयस्टिकची करा, सगळ्यात सोपी. बेसिकमध्ये प्रिंट इन ३१ टाका. ‘इन’साठी कॅप्स शिफ्ट आणि सिंबल शिफ्ट एकत्र दाबून एक्स्टेंडेड मोड घ्या, मग सिंबल शिफ्ट धरून आय. काठी सोडलेली असताना ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायरला १६ यायला हवं. हात न लावता भलताच आकडा येत असेल तर पॉवर काढा आणि आधी पट्टे पुन्हा पुसा, नंतर सोल्डर बघा.

एकामागे एक दोन-तीन गोष्टी लावायच्या असतील तर एकेक वाढवत जा, प्रत्येक वेळी हीच टेस्ट. केम्पस्टन इंटरफेस बरेचदा फक्त ए५ ही एकच अ‍ॅड्रेस लाइन बघून उत्तर देतात, त्यामुळे दुसऱ्या उपकरणाशी भांडण होऊ शकतं, आणि डिव्हएमएमसीमध्ये केम्पस्टन आधीच असेल तर वेगळा लावूच नका. आणि मशीन प्लस टूए किंवा प्लस थ्री हे नंतरचे स्पेक्ट्रम असेल तर इंटरफेस वन (सिंक्लेअरचं मायक्रोड्राइव्हसाठीचं जोडउपकरण) घ्यायच्या फंदात पडू नका, त्या पोर्टवरच्या लाइनी बदललेल्या आहेत, तो तिथे चालत नाही.