ओपन सोर्सवर स्वतःचं लेबल लावताय? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याला बिलिंग सॉफ्टवेअर हवं होतं. आम्ही जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्या-वाटण्याच्या अटी) खालचं एक तयार सॉफ्टवेअर घेतलं, त्याला मराठी स्क्रीन जोडल्या, लोगो बदलला आणि नुसती चालणारी फाइल देऊन बिल लावलं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, स्वतःकडेच ठेवला.

पैसे घेण्यात काहीच गैर नव्हतं. जीपीएल विकायला मनाई करत नाही. चूक झाली ती कोड दाबून ठेवण्यात. असा कोड बदलून ग्राहकाच्या हातात दिला की आपण जोडलेल्या भागासकट सगळा सोर्स त्याच लायसन्सखाली त्याला मिळाला पाहिजे. त्याने पुढे तो शेजारच्या गाळ्यावर दिला तरी आपल्याला अडवता येत नाही. करारात ‘कॉपी करू नये’ असं लिहिणं हाच लायसन्सचा भंग आहे.

‘फुकट मिळालं म्हणजे आपलं झालं’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे आणि मालकी लेखकाचीच राहते. लायसन्स म्हणजे त्याने घातलेल्या अटींवरची परवानगी. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

लायसन्स एमआयटी, बीएसडी किंवा अपाची 2.0 यांसारखं सैल असेल तर बंद उत्पादन, म्हणजे सोर्स न देता विकलेलं, चालतं. तरी फाइलच्या डोक्यावरची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढू नका. नवीन मुलं ‘कोड स्वच्छ केला’ म्हणून नेमकं तेच उडवतात.

सॉफ्टवेअर फक्त आपल्या सर्व्हरवर चालवलं तर साध्या जीपीएलखाली सोर्स द्यावा लागत नाही. एजीपीएल या जीपीएलच्याच जास्त कडक भावंडात मात्र ही सूट नाही: कोडमध्ये बदल केला असेल, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळायला हवा.

चूक आधीच झाली असेल तर वाटप लगेच थांबवा आणि प्रत्येक लायब्ररीचं (आपण वापरलेल्या दुसऱ्याच्या तयार कोडचं) लायसन्स, आवृत्तीसकट, तपासा. जीपीएल 3 मध्ये पहिल्याच उल्लंघनाची नोटीस आल्यावर 30 दिवसांत दुरुस्ती केली तर हक्क परत मिळतात. जीपीएल 2 मध्ये अशी मुदत नाही. कोड बंदच ठेवायचा असेल तर मूळ लेखकाकडून व्यावसायिक लायसन्स विकत घ्या, पण त्यात इतरांचा कोड असेल तर त्यांचीही संमती लागते.

आम्ही पूर्ण सोर्स आणि लायसन्सची प्रत पेन ड्राइव्हवर घालून अडत्याच्या गाळ्यावर नेऊन दिली आणि करारातली ती ओळ खोडली.