सर्क्युलर सॉचा झटका आणि तो टाळायची तयारी

वर्कशॉपमध्ये नवा मुलगा आला की सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची विजेवर चालणारी करवत) बघताना त्याचं लक्ष आधी ब्लेडच्या दातांकडे जातं. बोट खाली गेलं तर काय, ही भीती. भीती रास्त आहे, पण धोका बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने येतो. दोन्ही हात मशीनच्या दोन्ही मुठींवर असतील तर बोटं ब्लेडपर्यंत पोचतच नाहीत. पण चालू ब्लेड लाकडात आवळलं गेलं की मोटरची ताकद लाकूड कापायचं सोडून मशीनलाच फेकते. मशीन कापातून उसळते, मागे तुमच्या अंगावर येते, आणि तोल सावरायला एक हात आपोआप फळीवर जातो. हाच तो झटका, पुस्तकातला किकबॅक. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी झटका समजावतो, बटण कुठे आहे ते नंतर दाखवतो.

नेहमीच्या ७ इंची मशीनला साधारण १८५ मिमीचं ब्लेड लागतं आणि ते मिनिटाला ५००० ते ५५०० फेरे घेतं. म्हणजे दाताचं टोक ताशी पावणेदोनशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळतं. ब्लेडच्या खालच्या बाजूचे दात तुमच्यापासून पुढे धावतात आणि पुढच्या बाजूने वर चढत लाकूड कापतात. म्हणून ब्लेड आवळलं की मशीन उलट दिशेने, मागे आणि वर, उडते. ब्लेडच्या रेषेत मागे उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं, ते यासाठी. ही दिशा एकदा डोक्यात बसली की बाकीचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता ब्लेड आवळतं कधी? सगळ्यात जास्त वेळा लाकडाला आधार चुकीचा असतो तेव्हा. १९ मिमीचा आठ बाय चार फुटांचा प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतो. तो दोन टोकांना दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिकाटण्यांवर, ठेवला आणि मधोमध आडवा कापायला घेतला, तर अर्ध्या वाटेत शीट मध्ये झोळ घेते. झोळ आला की कापाचं तोंड वरून मिटतं आणि ब्लेडला चिमटा बसतो. बघायला मात्र ही मांडणी इतकी सरळ वाटते की प्रत्येक नवा मुलगा पहिल्यांदा तीच करतो. आम्ही शीट जमिनीवर टाकतो, खाली सारख्या जाडीच्या चार रिपा (लाकडी पट्ट्या): दोन रेषेच्या अलीकडे, दोन पलीकडे, रेषेजवळच्या दोन अगदी वीतभर अंतरात. मग काप पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात. रिपा नसतील तर जाड थर्मोकोलची शीट चालते, ब्लेड तिच्यात थोडं उतरलं तरी बिघडत नाही. काठाची चार इंचांची पट्टी काढायची असेल तर ती मोकळी लोंबली तरी चालेल, उलट तिने मोकळंच व्हायला हवं. मशीनचा बेस, म्हणजे खालची सपाट पाटी, मात्र आधार असलेल्या मोठ्या भागावर टेकलेला हवा. बटण दाबण्याआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारतो: "कापलेला तुकडा कुठे जाणार?" उत्तर आलं नाही तर मशीन खाली.

फळी पायाखाली दाबून कापणारे मिस्त्री तुम्हाला साइटवर भेटतील. अनवाणी, अंगठ्यापासून चार बोटांवर ब्लेड, आणि काप सुतासारखा सरळ. त्यांच्या हाताला वीस-पंचवीस वर्षांचा सराव आहे. तरीही मला ती पद्धत मान्य नाही, आणि नवशिक्याने तर तिची नक्कल करूच नये. छोटा तुकडा क्लॅम्पने बांधायचा. क्लॅम्पमध्ये मावत नसेल तर तो काप हातकरवतीचा, सर्क्युलर सॉचा नाही.

ब्लेड आवळण्याचं दुसरं कारण म्हणजे ब्लेडची खोली. पुष्कळ जण ब्लेड पूर्ण उतरवून ठेवतात आणि वर्षभर त्याच मापावर कापतात. १९ मिमीच्या प्लायला ब्लेड २२-२३ मिमी उतरलं की पुरे. प्लायखाली एक पूर्ण दातही दिसता कामा नये, असं मशीनच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. त्यामागे कारण आहे. लाकडात ब्लेड जितकं कमी, तितकं आवळायला कमी सापडतं. शिवाय फळीखाली उघडं राहणारं ब्लेडही तेवढंच कमी. खोली लावताना प्लग काढलेला हवा, आणि नंतर स्क्रू हाताने हलवून घट्ट आहे ना ते बघायचं.

खालच्या गार्डबद्दल, म्हणजे ब्लेडवरच्या सरकत्या झाकणाबद्दल, मी थोडा कडक आहे. तो स्प्रिंगवर असतो, काप सुरू होताना मागे सरकतो आणि मशीन लाकडातून बाहेर आली की मिटतो. रोज सकाळी प्लग काढून त्याचा दांडा ओढायचा आणि सोडायचा. खाडकन मिटला पाहिजे. रेंगाळत मिटला तर आत भुसा, राळ किंवा सनमायका चिकटवताना सांडलेला गोंद बसलेला असतो, ब्रशने साफ करायचा. काही साइटवर हाच गार्ड बाइंडिंग वायरने वर बांधलेला दिसतो, "अडतो मध्ये" म्हणून. अशी मशीन चालू स्थितीत खाली ठेवली की ती फरशीवर स्वतःच पळायला लागते. कुणी बांधलेल्या गार्डची मशीन हातात दिली तर वायर सोडल्याशिवाय घेऊ नका. ठेकेदार बडबडेल, बडबडू द्या.

इथेच मार्बल कटरचं बोलायला हवं, कारण आपल्याकडे फर्निचरच्या कित्येक साइटवर सर्क्युलर सॉ म्हणून प्रत्यक्षात ४ इंची मार्बल कटरच चालतो. स्वस्त, हलका, एका हातात मावतो. त्याला लाकडाचं दात असलेलं ब्लेड लावलं की प्लाय लोण्यासारखा कापला जातो, यात शंका नाही. पण हे मशीन फरशी आणि ग्रॅनाइटसाठी बनलेलं आहे. फरशीच्या डायमंड ब्लेडला दात नसतात, ते घासून कापतं, त्यामुळे त्याला लाकडातल्यासारखा चावा लागत नाही. दात असलेलं ब्लेड चावतं. शिवाय मार्बल कटरचा वेग मिनिटाला १२ ते १३ हजार फेऱ्यांचा, खालचा मिटणारा गार्ड नाहीच, आणि बटण दाबून लॉक करायची सोय बहुतेक कटरना असते. म्हणजे मशीन हातातून सुटली तरी चालूच राहते. लाकडाच्या सर्क्युलर सॉमध्ये बटणावरून बोट सुटलं की मशीन बंद व्हायला लागते, हा फरक पैशात मोजता येत नाही. अँगल ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं त्याहून वाईट, त्यावर शब्द खर्च करत नाही.

वायरवाल्या मशीनची स्वतःची एक भानगड आहे, ती म्हणजे वायर. ती कापली जाण्याची भीती सगळ्यांना असते, पण जास्त वेळा ती अडकते. लांब काप घेताना तुम्ही पुढे सरकता, वायर शीटच्या कोपऱ्याला किंवा रिपेच्या टोकाला अटकते, आणि कापाच्या मध्यावर मशीनला मागून हिसका बसतो. मशीन तिरकी होते, ब्लेड कापात वाकडं होतं, आणि पुन्हा तोच चिमटा. म्हणून आधी बंद मशीन पूर्ण रेषेवरून एकदा चालवून बघायची. वायर शेवटपर्यंत पुरते का, कुठे अटकते का, आपला पाय कुठे येतो, सगळं कळतं. वायर मागे, खांद्यावरून घेतली की समोर येत नाही. फक्त गळ्याभोवती घ्यायची नाही.

एक्स्टेंशनबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. १४०० वॉटची मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. घरातला पंखा-मोबाइलचा एक्स्टेंशन बोर्ड या कामाचा नाही. तांब्याची किमान १.५ चौरस मिमीची, लांब अंतराला २.५ चौरस मिमीची तीन कोअर वायर घ्या आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मशीन दमते, कापात वेग उतरतो आणि मोटर तापते. रीळवरची वायर पूर्ण सोडायची, गुंडाळलेली वायर आतून तापते. आणि प्लग तुटला म्हणून उघड्या तारा काडीने सॉकेटमध्ये खोचणं हा प्रकार दिसला तर तिथे काम सुरूच करू नका. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, एवढं पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. ओल्या स्लॅबवर काम करताना तोच उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष काप. प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची, कारण दात खालून वर येतात आणि कपच्या वरच्या बाजूला उडतात. रेषा मारताना ब्लेड सव्वादोन-अडीच मिमी लाकूड खातं हे धरायचं आणि ते खाणं टाकाऊ बाजूला ठेवायचं. हाताच्या अंदाजाने सरळ कापण्याच्या नादी लागू नका. सरळ पट्टी दोन क्लॅम्पने बांधा आणि बेसची कड तिला टेकवून मशीन चालवा. बेस लाकडावर टेकवायचा, दात लाकडाला न लावता बटण दाबायचं, आवाज पूर्ण चढेपर्यंत थांबायचं, मगच पुढे ढकलायचं. ढकलण्याचा वेग मोटर सांगते. आवाज खाली बसला तर तुम्ही घाई करताय. जळका वास आला तर ब्लेड बोथट आहे किंवा मशीन वाकडी चालली आहे. वाकडी गेली तर तिथेच मुरगळून सरळ करायची नाही. बटण सोडा, मशीन आहे तिथे धरून ठेवा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग थोडी मागे घेऊन नव्याने सुरू करा. चालू ब्लेड कापातून मागे ओढलं की झटका आलाच म्हणून समजा. शेवटच्या वीतभर कापात सगळ्यांचा हात हलका होतो, नेमका तिथेच दोन्ही हातांचा जोर लागतो. काप संपल्यावर गार्ड मिटला, ब्लेड थांबलं, हे डोळ्यांनी बघून मगच मशीन खाली.

ब्लेडचं थोडक्यात: उभ्या, शिरेच्या दिशेने कापायला २४ दातांचं, प्लायला ४० दातांचं, सनमायका लावलेल्या बोर्डाला ६० दातांचं. ब्लेडवर छापलेली वेगमर्यादा मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवी. बदलताना प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा, नाहीतर मागून कुणीतरी भला माणूस तो लावून देतो.

अंगावर मोकळं काही नको. खांद्यावरचा पंचा, ओढणी, मनगटातला गंडा, राखीचा लोंबता दोरा, सगळं काढून किंवा आत खोचून. डोळ्यांना सुरक्षा चष्मा आणि पायात बंद बूट लागतातच. कानाला मफ किंवा इअरप्लग हवेत, कारण ही मशीन ८५ डेसिबलची मर्यादा सहज ओलांडते आणि गेलेले कान परत येत नाहीत. मास्क एन-९५. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवली आहे. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) कापताना तर मास्क नाकावरून उतरताच कामा नये.

कापलं गेलंच तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात वर, १०८ ला फोन. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात घालायचं नाही. हॉस्पिटलला निघतानाच प्लास्टिक सर्जन आहे का ते फोनवर विचारायचं.

शिकायचं कुठे? आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांसाठी छोटं प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. या पैशांत मोठी मशीन घेण्याची घाई नको. आधी चार चांगले क्लॅम्प, धड एक्स्टेंशन, ४० दातांचं ब्लेड आणि कानाचे मफ, उरलेल्या पैशांत मिटणारा गार्ड असलेली मशीन. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला टाकाऊ प्लायचे तुकडे स्वस्तात मिळतात. सुरुवातीचे सगळे काप त्यांवरच. सिंकसाठी किंवा स्विचबोर्डसाठी फळीच्या मधून ब्लेड उतरवून खिडकी काढायचं काम मात्र सध्या सर्क्युलर सॉने करूच नका. ड्रिलने कोपऱ्यांना भोकं पाडा आणि जिगसॉ (बारीक पातं वर-खाली होणारी करवत) घ्या.