डॅन्यूब-ऱ्हाईनची क्रूझ बुक करताना: आधी नदी बघा, मग जहाज

युरोपातल्या नदी-क्रूझची माहितीपत्रकं चाळली की सगळी जहाजं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. त्याला कारण आहे. ऱ्हाईनला मिळणारी माइन नदी आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा २५ सप्टेंबर १९९२ला पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग तयार झाला. या कालव्यावरची लॉक, म्हणजे जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे हौद, १२ मीटर रुंद आहेत. म्हणून जहाज ११.४५ मीटर रुंद. लॉकमध्ये शिरलं की दोन्ही अंगांना वीतभर जागा उरते. लांबीची मर्यादा १३५ मीटर. या मापात १९० प्रवासी बसवायचा आराखडा एकदा जमल्यावर तो भराभर गिरवला गेला. व्हायकिंग या एकट्या कंपनीने २०१३मध्ये एका दिवसात १० आणि २०१४मध्ये २४ तासांत १६ जहाजांचं नामकरण केलं.

जहाजं अशी वाढली, नदी मात्र होती तेवढीच राहिली. जुन्या गावांसमोरचे धक्के मोजकेच, पुलांच्या कमानी शतकांपूर्वीच्या, आणि पाणी कोरड्या वर्षांत कमीच होत जातं. पणजीला संध्याकाळी मांडवीत एकामागून एक निघणाऱ्या बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना गर्दीचा अंदाज येईल. फक्त इथे प्रत्येक बोट फुटबॉलच्या मैदानापेक्षा लांब असते.

त्यामुळे बुकिंगचा क्रम बदला. बहुतेक लोक केबिनचा फोटो आणि सवलतीची किंमत बघून सुरुवात करतात. सुरुवात नदीच्या टप्प्यापासून करा, मग महिना ठरवा, मग कंपनी, आणि केबिन सगळ्यात शेवटी.

टप्पा: बांध कुठे आहेत, कुठे नाहीत

नदीवर ठरावीक अंतरावर बांध आणि लॉक असतील तर पाणी अडवलेलं असतं आणि उन्हाळ्यातही खोली टिकते. जिथे नदी मोकळी वाहते, तिथे सगळं पावसावर. म्हणून नकाशात मोकळे टप्पे शोधायचे.

डॅन्यूबवर सगळ्यात बेभरवशाचा टप्पा जर्मनीत स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा, साधारण ७० किलोमीटरचा. ‘न्युरेम्बर्ग ते बुडापेस्ट’ असं लिहिलेली प्रत्येक क्रूझ इथून जाते. ‘पासाउ ते बुडापेस्ट’ घेतलीत तर हा टप्पा टळतो, कारण पासाउ त्याच्या खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पुढे आहे. पुढे ऑस्ट्रियात वाखाउ खोरं आणि व्हिएन्नाच्या पूर्वेचा पट्टा हेही मोकळे आहेत, पण स्ट्राउबिंगइतका त्रास तिथे होत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर, पासाउ ते बुडापेस्टच घ्यावी. एक काळजी घ्या: माहितीपत्रकात ‘पासाउ’ लिहून प्रत्यक्षात जहाज वीसेक किलोमीटर वरच्या फिल्सहोफेनला उभं असू शकतं. चढण्याच्या धक्क्याचं नाव लेखी मागून घ्या.

ऱ्हाईनवर इफेत्झहाइमनंतर थेट नेदरलँड्सपर्यंत एकही लॉक नाही. म्हणजे बासेल ते ॲमस्टरडॅम या लोकप्रिय क्रूझचा सगळ्यात देखणा भाग, बिंगेन ते कोब्लेंझ हा किल्ल्यांचा घाट, पूर्णपणे पावसाच्या आणि आल्प्सच्या बर्फाच्या हवाली. त्या घाटात काउब नावाचं छोटं गाव आहे आणि सगळ्या ऱ्हाईनची वाहतूक तिथल्या पातळीच्या एका आकड्यावर ठरते.

काउबचा आकडा कसा वाचायचा

काउबला पाणी ४० सेंटिमीटर अशी बातमी वाचून लोक घाबरतात. तो आकडा नदीची खोली नव्हे, मोजपट्टीवरची पातळी आहे. मोजपट्टी ७८ दाखवते तेव्हा जहाजांसाठी राखलेल्या वाटेत १.९० मीटर पाणी धरलेलं असतं. म्हणजे आकड्यात साधारण ११२ मिळवा. ४०चा अर्थ वाटेत दीड मीटरच्या आसपास पाणी. क्रूझचं जहाज पाण्यात साधारण दीड ते पावणेदोन मीटर बुडालेलं असतं आणि तळाखाली थोडी मोकळी जागा हवीच, कारण वेग घेतला की जहाज मागच्या बाजूने आणखी खाली बसतं. त्यामुळे आकडा ८०च्या खाली घसरत असेल तर तुमच्या क्रूझचं काय होणार, हे कंपनीला विचारायची वेळ आली असं समजा. २२ ऑक्टोबर २०१८ला तो २५पर्यंत उतरला होता. ऑगस्ट २०२२मध्येही पस्तिशीच्या खाली गेला.

मालवाहू बार्ज अशा वेळी निम्मा माल भरून निघते आणि वर तरंगते. क्रूझला ती सोय नाही. हिशोब करून बघा: १९० प्रवासी, बॅगांसकट माणशी १०० किलो धरले तर १९ टन. जहाजाचा पाण्यावरचा पसारा जवळपास १,४०० चौरस मीटर. सगळे प्रवासी उतरवले तरी जहाज जेमतेम दीड सेंटिमीटर वर येईल. वजन पोलादाचं, केबिनांचं, इंजिनाचं आणि टाक्यांचं असतं. म्हणून ‘थोडे प्रवासी कमी घेऊन जाऊ’ हा पर्याय नसतो. जहाज जातं किंवा थांबतं.

पुराचंही तसंच. काउबला ४.६० मीटरला वेग आणि मार्गावर निर्बंध येतात, ६.४० मीटरला वाहतूक पूर्ण बंद. काही पुलांखालून जायला तर त्याआधीच उंची पुरत नाही. वरच्या डेकचे कठडे आडवे केले आणि कप्तानाची केबिन खाली दाबली तरी नाही. सप्टेंबर २०२४च्या डॅन्यूबच्या पुरात व्हिएन्नात क्रूझ जहाजं प्रवाशांसकट अडकून पडली होती.

हे आकडे रोज पाहता येतात. जर्मन जलमार्ग खात्याची ‘एल्विस’ (ELWIS) ही वेबसाइट पातळी आणि पुढच्या दिवसांचा अंदाज देते. ऱ्हाईनसाठी काउब आणि डॅन्यूबसाठी फेलिंग ही दोन ठिकाणं बघा. निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून दर दोन दिवसांनी आकडा लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त सांगून जातं.

महिना

आपल्याकडे सहली निघतात मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. या दोन्हींत मे पुष्कळ बरा. बर्फ वितळत असतं, दिवस मोठा असतो, पाणी सहसा पुरेसं. धोका अतिवृष्टीचा असतो. जून २०१३मध्ये पासाउला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. पण तसा पूर रोजचा नाही, आणि तो ओसरतोही लवकर. कमी पाणी मात्र एकदा आलं की आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतं, आणि त्याचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. २०१८ची दिवाळी ७ नोव्हेंबरला होती आणि त्या शरदात ऱ्हाईन आटली होती. दिवाळीतच जायचं असेल तर ऱ्हाईन टाळा, पासाउ ते बुडापेस्ट घ्या.

कंपनीला विचारायचे प्रश्न

मधला टप्पा बंद झाला की कंपन्या जहाज बदलतात. वरच्या अंगाला अडकलेल्या प्रवाशांना बसने खाली आणायचं, खालच्यांना वर न्यायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या जहाजातल्या त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये राहायचं. एकाच आराखड्याची जहाजं असण्याचा हा खरा फायदा. पण त्यासाठी त्याच नदीवर, त्याच आठवड्यात, उलट दिशेने येणारं त्याच कंपनीचं जहाज हवं. ज्यांची या मार्गावर एक-दोनच जहाजं आहेत त्यांच्याकडे हा पर्याय नसतो. तिथे तुमची क्रूझ बस-टूर होते आणि जहाज तरंगतं हॉटेल.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी ईमेलने, फोनवर नव्हे, एवढं विचारा: माझ्या तारखेला उलट दिशेने तुमचं कोणतं जहाज येतं? जहाज किती रात्री हललं नाही तर किती परतावा? निघण्याआधीच मार्ग बदलल्याचं कळलं तर रद्द करता येईल का? हॉटेलमध्ये राहावं लागलं तर खर्च कोणाचा? उत्तरात ‘परिस्थितीनुसार’ एवढंच आलं तर परताव्याची हमी नाही असं समजा आणि किमतीशी ते ताडून बघा. प्रवास विम्यात औषधोपचार आणि सामान असतं. पाणीपातळीमुळे कार्यक्रम बदलला तर भरपाई आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधा.

भारतातल्या टूर कंपनीकडून घेतलं असेल तर तिची पावती आणि छापील कार्यक्रम जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोग ऐकतो.

धक्क्यावरची दाटी

जहाजांच्या वाढीचा त्रास रोज दिसतो तो इथे. एका धक्क्यावर दोन, कधी तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. तुमचं बाहेरचं असेल तर किनाऱ्यावर जायला शेजारच्या जहाजातून जावं लागतं. लॉबी समोरासमोर आल्या तर ठीक. नाहीतर वरच्या डेकवर चढा, फळी ओलांडा, दुसऱ्या जहाजाच्या डेकवरून खाली उतरा. लिफ्ट बहुतेक जहाजांत वरच्या डेकपर्यंत जातच नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला दिवसातून चार वेळा हा जिना म्हणजे सहलच संपली. आईला किंवा सासऱ्यांना नेणार असाल तर हे आधी सांगून ठेवा, आणि त्या दिवशी दोनदा उतरण्याऐवजी एकदाच, पण निवांत उतरा.

मधल्या जहाजातल्या केबिनची खिडकी उघडली तर हाताच्या अंतरावर दुसऱ्याची खिडकी. पडदे दिवसभर बंद. धक्क्यावर विजेची जोडणी नसेल तर जहाजं जनरेटर चालू ठेवतात आणि शेजारच्या डिझेलचा धूर थेट आत येतो. कार्यक्रमातल्या किती मुक्कामांवर किनाऱ्यावरची वीज मिळते, हे विचारायला संकोच करू नका. ग्राहक विचारतात तेव्हाच कंपन्या त्यावर बोलतात.

गावांवर काय बेततं तेही बघा. वाखाउमधल्या ड्युर्नश्टाइनची वस्ती हजाराच्या आत. पाच जहाजं लागली की गावाएवढीच माणसं एकाच अरुंद गल्लीत उतरतात, आणि जेवायला परत जहाजावर जातात, म्हणजे गावाला उरते ती फक्त गर्दी. ॲमस्टरडॅमने म्हणूनच नदी-क्रूझच्या फेऱ्या २०२८पर्यंत वर्षाला १,१५०वर आणायचं ठरवलं आहे. ड्युर्नश्टाइनला सकाळी नऊच्या आत उतरलात तर गल्ली मोकळी मिळते. गटाबरोबर न जाता नदीकाठच्या वाटेने सायकलवरून सहाएक किलोमीटरवरच्या वाइसेनकिर्शेनला जा. वाटेत जर्दाळूच्या बागा लागतात. जॅमची बाटली जहाजावरच्या दुकानातून न घेता बागवाल्याकडूनच घ्या.

बुडापेस्टला रात्रीची छोटी बोट घेताना लाइफ जॅकेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा. २९ मे २०१९ला तिथे मोठ्या क्रूझ जहाजाची धडक बसून पर्यटकांची लहान बोट काही सेकंदांत बुडाली. बोटीवरच्या ३५ जणांपैकी सातच वाचले.

केबिन, व्हिसा, जेवण

सगळ्यात खालच्या डेकची खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते आणि उघडत नाही. झोप सावध असेल तर मागच्या टोकाची (इंजिन) आणि पुढच्या टोकाची (लॉकमध्ये वळवणारी यंत्रं रात्री सुरू होतात) केबिन टाळा. मधल्या डेकवर मधोमध घ्या. डावी-उजवी बाजू निवडण्यासाठी जादा पैसे देऊ नका. कोणती बाजू धक्क्याकडे येईल हे रोज बदलतं.

पासाउ ते बुडापेस्ट पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडकडे जाणार असाल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. पुढे रोमानिया किंवा बल्गेरियात शिरताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता. त्यासाठी निदान दोन प्रवेशांचा किंवा मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. अर्जात हे कारण स्पष्ट लिहा.

शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि ‘व्हेज’ एवढंच नको: सूपमध्ये मांसाचा रस्सा नको, गोड पदार्थात जिलेटिन नको, अंडं चालतं की नाही. पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा दाखवा.

जहाज बदलण्याची सूचना बहुधा आदल्या संध्याकाळी मिळते आणि बॅगा सकाळी लवकर केबिनबाहेर ठेवाव्या लागतात. दोन दिवसांची औषधं, एक स्वेटर आणि चार्जर हातातल्या पिशवीत घ्या. पासपोर्ट चढताना रिसेप्शनवर जमा केलेले असतात. बसमध्ये बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा मोजून परत घ्या.