गडचिरोलीत पहिली नेमणूक: आधी नद्या, मग दप्तर

रुजू व्हायचा आदेश आला की नकाशा काढा आणि तालुक्यांआधी नद्या वाचा. वैनगंगा पश्चिम कडेने उतरते. तिला वर्धा मिळाली की ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्वेकडून छत्तीसगडच्या हद्दीला लागून आलेली इंद्रावती सोमनूरला गोदावरीस मिळते. गोदावरीपलीकडे तेलंगण.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा, १२ तालुक्यांचा. मुख्यालय उत्तरेत, सिरोंचा तिथून सुमारे २०० किलोमीटर. ब्रिटिश काळात हेच सिरोंचा 'अप्पर गोदावरी' या स्वतंत्र जिल्ह्याचं मुख्यालय होतं, त्यामुळे तिथला माणूस स्वतःला आडबाजूचा समजत नाही. तिथे तेलुगू लागते, भामरागड-एटापल्लीत माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली, आरमोरी-वडशाला झाडीबोली. नुसत्या मराठीवर दक्षिण भागात चौकशीचा जबाब नोंदवू नका; दुभाषा म्हणून गावातलंच माणूस घ्या आणि जबाब वाचून दाखवल्याची नोंद त्यातच करा.

सगळ्यात जास्त अभ्यास वनहक्काचा, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांच्या जंगलावरच्या कायदेशीर हक्काचा, हवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या जोरावर. दावा ग्रामसभेत सुरू होतो, १० ते १५ जणांची वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची समिती. दावे कुठे अडकतात? बहुतेकदा कोरममध्ये, म्हणजे किमान हजेरीत. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. नेहमीच्या ग्रामसभेच्या सवयीने नोंदवहीत पंचवीस-तीस सह्या घेतल्या तर ठरावच टिकत नाही. सह्या-अंगठे मोजून बेरीज त्याच पानावर लिहा, महिलांची वेगळी. पुरावेही किमान दोन प्रकारचे जोडा. गावातल्या जाणत्या माणसाचं लेखी निवेदन चालतं, हे अर्जदाराला आपणहून सांगा. कागद नाही म्हणून माणूस परत जातो, ते फार वाईट.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात दिवसा सभा लावू नका. पहाटे जंगल, नंतर ७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून द्यायचे; घरात कुणी नसतं. रात्री जेवणानंतरची वेळ विचारून घ्या.

भामरागडला नेमणूक असेल तर जून उजाडायच्या आत तांदूळ, डाळ, औषधं आणि चार्जिंगची सोय करून ठेवा. इंद्रावती फुगली की गावालगतच्या पर्लकोटा नदीचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबून बाजारपेठेत शिरतं आणि आलापल्लीचा रस्ता बंद होतो. गावात पाऊस नसतानाही हे होतं, कारण पाणी छत्तीसगडात पडलेलं असतं. म्हणून आभाळ बघू नका, पुलाशी पाणी किती चढलंय ते बघा. आणि दप्तर खालच्या फडताळात ठेवू नका.